कोऱ्या ओळीची नक्कल

१

दर रविवारी सकाळी दहा वाजता आम्ही दातांच्या दवाखान्यात जमतो. दात कुणाचे दुखत नसतात. माझे तर दुखायला शिल्लकही नाहीत. पण डॉक्टरांच्या वेटिंग रूममध्ये आठ खुर्च्या आहेत, दोन मोठे स्पीकर आहेत आणि रविवारी पेशंट नसतात. भिंतीवर अक्कलदाढेचं मोठं चित्र आहे आणि त्याला लागून मास्तरांचा फोटो. नवीन माणूस आला की दोघांकडे आळीपाळीने बघतो आणि गप्प बसतो.

मास्तर जाऊन नऊ वर्षं झाली. सिनेमाची गाणी करणाऱ्यांना लोक ओळखतात. मास्तर पार्श्वसंगीत करायचे. म्हणजे नायिका नुसती जिना उतरत असते आणि तुमच्या पोटात उगाच गोळा येतो, तो गोळा मास्तरांचा. असे अकरा सिनेमे. आमच्या डॉक्टरांना ते तोंडपाठ आहेत. भूगोलाच्या बाई निवृत्त झाल्यापासून कुठल्या सिनेमात कितव्या मिनिटाला काय वाजतं याच्या वह्या ठेवतात. बाकीचे पाच-सहा जण ऐकतात, मान डोलावतात आणि चहा पितात.

मला तिथे मान आहे, कारण मी मास्तरांचा कॉपीइस्ट होतो. मास्तर एका लांबरुंद कागदावर सगळ्या वाद्यांच्या ओळी एकाखाली एक लिहायचे. तो स्कोअर. त्यातून प्रत्येक वादकासाठी त्याची एकट्याची ओळ वेगळी उतरवून काढायची, तो त्याचा पार्ट. सदतीस वर्षं मी हेच केलं. मास्तर मला ‘कारकून’ म्हणायचे आणि मला त्याचा राग यायचा नाही. नक्कल करायलाही अक्कल लागते, हे त्यांना ठाऊक होतं.

२

“काका, तुमची एक चूक सापडली,” डॉक्टर एका रविवारी म्हणाले. बाकीचे सरसावून बसले. चाहत्यांना देवाची चूक सापडली की देव जास्तच आवडायला लागतो.

मास्तरांच्या प्रत्येक सिनेमात एक बार असा असायचा, की चाळीस वादक एकदम थांबायचे. बार म्हणजे चार मात्रांचा एक खण. तेवढ्या चार मात्रा पूर्ण शांतता, आणि मग सगळे पुन्हा सुरू. आमचा ग्रुप त्याला ‘मास्तरांचा श्वास’ म्हणतो. डॉक्टरांनी आता मूळ रेकॉर्डिंगच्या टेप मिळवल्या होत्या आणि त्या शांततेचा आवाज त्यांनी खूप वाढवला होता.

वाद्यं थांबली. आणि त्या शांततेत अगदी स्पष्ट, कागदाची सळसळ झाली. कुणीतरी पान उलटलं होतं.

“कुणाच्या पार्टात पान इथे संपत होतं?” डॉक्टरांनी हसत विचारलं.

मला मात्र कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं. पान कुठे उलटायचं हे कॉपीइस्ट ठरवतो. वादकाचा हात मोकळा असेल अशा ठिकाणी, आणि बाकीचे जोरात वाजवत असतील तेव्हा. शांततेत पान उलटायला लावणारा कॉपीइस्ट म्हणजे मयताला टाळ्या वाजवणारा माणूस. मी असं कधी केलं नव्हतं. निदान कुणा वादकाच्या पार्टात तरी नाही.

“माझी नाही,” मी म्हणालो. माझ्या आवाजात जरा धार आली असावी, कारण बाईंनी माझ्यापुढे बिस्किटं सरकवली.

पुढच्या रविवारी बाई वही घेऊनच आल्या. अकरा सिनेमे, त्यांतल्या दहांत पान उलटल्याचा आवाज. प्रत्येक वेळी त्याच शांत बारात. “योगायोग म्हणावा तर शिस्तीचा आहे,” बाई म्हणाल्या. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, कारण ते पान कुठलं हे मला आठवलं होतं.

३

मास्तरांच्या स्कोअरमध्ये सगळ्यात खाली एक ओळ असायची. तिला वाद्याचं नाव नसायचं. तिच्यात सूर नसायचे. पहिल्या बारापासून शेवटच्या बारापर्यंत नुसती विश्रांतीची चिन्हं. मास्तर मात्र त्या ओळीचाही पार्ट उतरवून मागायचे. ‘दोनशे बार शांत’ असं एका आकड्यात उरकायचं नाही, एकेक बार वेगळा आखायचा. तो पार्ट व्हायोलिनच्या शेवटच्या रांगेच्या टोकाला, एका रिकाम्या खुर्चीपुढच्या स्टँडवर ठेवायचा. वादक त्या खुर्चीला ‘मास्तरांची सासू’ म्हणायचे. तिथे कुणी पाण्याची बाटलीसुद्धा ठेवायचं नाही, मास्तर डोळे वटारायचे.

मी एकदा विचारलं होतं. “मास्तर, तिथे बसतं कोण?”

“कुणीतरी मोजायला नको का?” ते म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले.

आता माझी खोडी सांगतो. इतरांच्या पार्टांत मी त्या शांत बाराच्या आसपास पान संपू द्यायचो नाही. कोऱ्या पार्टात मात्र मुद्दाम तिथेच संपवायचो. बसणारच कुणी नाही, तर उलटणार कोण? दिवसभर काटेकोर काम करणाऱ्या माणसाला एखादी वात्रट जागा लागते. ही माझी होती. बायकोलाही सांगितली नव्हती.

मास्तर गेल्यावर त्यांच्या घरच्यांनी पार्टांच्या दोन ट्रंका माझ्याकडे पाठवल्या होत्या. बाईंनी वही दाखवली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या उघडल्या. व्हायोलिनचे, बासरीचे, ट्रम्पेटचे पार्ट जसे असतात तसे होते, पेन्सिलीच्या खुणा, चहाचे डाग, खालचा उजवा कोपरा बोटं लागून मळलेला. कोरे पार्ट मी वेगळे काढून खिडकीशी नेले. ते पांढरेशुभ्र असायला हवे होते. त्यांचाही खालचा उजवा कोपरा मळलेला होता, अंगठ्याच्या पेराएवढा. आणि दर दहा बारांवर पेन्सिलीची एक बारीक रेघ. विश्रांती मोजताना वादक मारतात तशी.

मी स्वतःची समजूत घातली. ट्रंकेत दमट असतं. एकमेकांवर घासून डाग उतरतात. मीच कधी मोजताना रेघा मारल्या असतील. पण मी शाईने काम करतो. पेन्सिल मी आयुष्यात खिशाला लावली नाही.

४

अकरापैकी एका सिनेमात पान उलटल्याचा आवाज नव्हता, हे डॉक्टरांना स्वस्थ बसू देईना. तिसऱ्या रविवारी त्यांनी ती टेप लावली. मास्तरांचा आठवा सिनेमा, शेवटचा मोठा प्रसंग, दोनशे बारा बार.

“इथे पान उलटत नाही,” ते म्हणाले, “पण ऐका. दुसरंच काहीतरी आहे.”

वाद्यं थांबली. शांततेत एका बाईचा आवाज आला. ओठांतल्या ओठांत पुटपुटल्यासारखा, पण शब्द स्वच्छ. “एकशे बारा, दोन, तीन, चार.” आणि वाद्यं पुन्हा सुरू झाली.

सगळे एकदम बोलायला लागले. कोण असेल, मुद्दाम ठेवलं असेल का, मास्तर म्हणजे मास्तर. डॉक्टरांनी टेप मागे घेतली आणि तो आवाज पुन्हा ऐकवला, मग अजून एकदा. मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसलो होतो. सहा वर्षं जो आवाज ऐकायला मी तरसलो, तो दाढेच्या चित्राखाली तीनदा वाजला.

“माझी दाढ ठणकतेय, मी निघतो,” मी म्हणालो. माझी कवळी डॉक्टरांनीच बसवली आहे. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि दार उघडून दिलं.

५

माझी बायको व्हायोलिन वाजवायची. शेवटच्या रांगेत, त्या रिकाम्या खुर्चीच्या शेजारी. मुलीच्या जन्मानंतर दीड वर्षाने ती पहिल्यांदा रेकॉर्डिंगला आली, ती त्या आठव्या सिनेमासाठी.

आदल्या आठवड्यात मुलगी तापाने फणफणली होती. आम्ही दोघं तिला खांद्यावर घेऊन आळीपाळीने फेऱ्या घालत होतो. चाळीस वादकांचे पार्ट मी कसेबसे पुरे केले. कोऱ्या पार्टाची वेळ आली तेव्हा बोटं चालेनात. मनात म्हटलं, दोनशे बारा रिकामे खण आखण्यात काय हशील? कोऱ्याच्या जागी कोरं. त्या स्टँडवर मी एक साधा पांढरा कागद ठेवला.

“सगळे पार्ट झाले, कारकून?” मास्तरांनी विचारलं.

“झाले, मास्तर.”

सदतीस वर्षांत एवढंच खोटं बोललो.

वादक विश्रांती कशी मोजतात ते सांगायला हवं. पहिल्या मात्रेवर कितवा बार चाललाय तो आकडा म्हणायचा, मग दोन, तीन, चार. एक दोन तीन चार. दोन दोन तीन चार. तीन दोन तीन चार. म्हणजे किती मोजलं ते विसरत नाही. एक दोन तीन चार झाल्यावर पुढे पाच येत नाही, दोन येतो. मी हे इतक्या तपशिलात सांगतोय, कारण आमच्या घरात हे तेवीस वर्षं चाललं.

रेकॉर्डिंगवरून घरी येताना ती मोजत होती. मला वाटलं, डोक्यात बसलंय. रात्री मोजत होती. दुसऱ्या दिवशी कणीक मळताना, मुलीला न्हाऊ घालताना, आवाज न करता, नुसते ओठ हलत. दोनशे बारापर्यंत जायचं. मग एक छोटी फट यायची, कुणी येऊन आपली सुटका करतंय का हे बघितल्यासारखी. कुणी यायचं नाही. मग पुन्हा एकपासून. एका फेरीला दहा-अकरा मिनिटं लागायची. त्या फटीत ती आमच्याशी बोलायची. चार-पाच शब्द. “भाजीत मीठ घाला.” “परीक्षा कधी आहे?” “झोप आता, बाळा.”

डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. सवय आहे, निरुपद्रवी आहे, म्हणाले. लोक म्हणायचे, बाई भारी शांत आहे हो. व्हायोलिन तिने पेटीत ठेवलं ते ठेवलंच. आमची मुलगी चालायला शिकली, बोलायला शिकली आणि त्याबरोबर थांबायला शिकली. शाळेतून आली की आईसमोर दप्तरासकट उभी राहायची, फट येईपर्यंत.

मी मास्तरांना महिन्याभराने खरं सांगितलं.  एका दुपारी ते घरी आले आणि तिच्यासमोर स्टुलावर बसले. मी त्यांना फटीबद्दल काही सांगितलं नव्हतं. ते नऊ मिनिटं गप्प बसून राहिले, तिचं दोनशे बारा झालं तेव्हा बरोबर म्हणाले, “माफ करा,” आणि उठून गेले. पुढच्या तिन्ही सिनेमांचे कोरे पार्ट मी जिवाच्या करारावर लिहिले. तिला त्याचा काही उपयोग झाला नाही.

सहा वर्षांपूर्वी ती गेली. शेवटच्या दिवशी एकशे नव्वदपर्यंत आली होती. फट आली नाही.

६

मास्तरांच्या स्मरणदिनाला डॉक्टरांनी शाळेचं सभागृह घेतलं. चाळीस वादक जमवले आणि वाजवायला आठव्या सिनेमातला तोच प्रसंग निवडला. अर्थात त्या आवाजासाठी. मी तोंड उघडायच्या आत माझ्या मुलीला फोन गेला होता. तीही व्हायोलिन वाजवते, मुलांना शिकवते, दोन गल्ल्या पलीकडे राहते.

डॉक्टरांनी फोनवर तिला तो आवाज ऐकवला, आणि ती त्याच संध्याकाळी आली. तिची चार वर्षांची लेक चपला न काढताच आत पळाली आणि माझ्या शाईच्या दौती मोजायला लागली.

“बाबा, टेपवर आई आहे. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही सांगितलं नाही?”

“काय सांगायचं त्यात.”

“मी शेवटच्या रांगेत बसणार आहे. आईच्या जागेवर. डॉक्टरांना सांगून टाकलंय.”

“पुढे बस. पुढच्या रांगेची योग्यता आहे तुझी.”

“योग्यतेचा काय संबंध?” ती म्हणाली. मग लेकीच्या हातातली दौत काढून घेत, “ती आयुष्यभरात माझ्याशी जितकं बोलली ना, ते एका दुपारी वाचून होईल. मला एकदा तिच्या जागेवरून ऐकायचंय. बस.”

मी तिला सगळं सांगायला हवं होतं. पण काय सांगणार होतो? की एक कागद कोरा ठेवला म्हणून तुझी आई आकड्यांत गेली? हे शब्द मनात जुळवले की मलाच माझी कीव यायची. संगीतकारांना आकड्यांची खोड लागते. मेंदूत काही अडकतं. पुस्तकांत त्याला नावं असतील. मी स्वतःशी एवढंच ठरवलं की यावेळी पार्ट पूर्ण लिहायचा. केलेली चूक निस्तरायची.

दोनशे बारा बार. दोन दिवस लागले, आता हात थरथरतो. पान उलटायची जागा शांत बारात ठेवली नाही. शहाण्णवाव्या बाराला ठेवली, जिथे सगळे कडाडून वाजवत असतात. खोडी नको.

७

तालीम आदल्या रविवारी दुपारी झाली. मी स्वतः शेवटच्या रांगेच्या टोकाला खुर्ची ठेवली, स्टँड ठेवला, पार्ट ठेवला. डॉक्टरांना हे फार आवडलं. “हीच खरी श्रद्धा,” ते बाईंना म्हणाले. मुलगी शेजारी बसली. मी समोर, प्रेक्षकांच्या तिसऱ्या रांगेत.

संगीत शिकवणारा एक तरुण मास्तर हातवारे करत होता. प्रसंग सुरू झाला. एकशे बारावा बार आला, शांतता आली, गेली. कुणी काही पुटपुटलं नाही. माझे खांदे सैल पडले. एकशे चाळीसच्या आसपास ट्रम्पेटवाला चुकला आणि तरुण मास्तराने सगळ्यांना थांबवलं. वेळ संपली होती. उरलेलं थेट कार्यक्रमातच वाजवायचं ठरलं.

सगळे वाद्यं बांधत असताना मी पार्ट उचलायला गेलो. स्टँडवर अजून पहिलंच पान होतं. शहाण्णव उलटून गेले होते आणि पान कुणी उलटलं नव्हतं.

यात भिण्यासारखं काय आहे? रिकाम्या खुर्चीपुढचं पान उलटत नाही, हेच तर बरोबर आहे. मी हे तीन-चार वेळा मनात म्हटलं. पण वादक कुणाच्या तरी बोलावण्यावर येतात. यावेळी बोलावलं कुणी होतं? मास्तर तर नव्हते.

मुलगी आणि मी चालत घरी निघालो. मी विचारलं, “चहा घेऊन जाशील ना?” तिने उत्तर दिलं नाही. वाटेत औषधाचं दुकान लागलं, शाळेचं कुंपण लागलं. ती समोर बघत चालत होती. आम्ही जिना चढून दाराशी आलो तेव्हा ती एकदम म्हणाली, “नको, उशीर होईल.” आणि पुन्हा गप्प. ओठ अगदी किंचित हलत होते.

मी तिचे दोन्ही खांदे धरले आणि गदागदा हलवलं. आयुष्यात कधी तिच्यावर हात उगारला नव्हता.

“काय करताय, बाबा? अहो, डोक्यात बसलंय नुसतं,” ती हसली. “होतं असं.”

८

सकाळी सहालाच मी तिच्या दाराशी उभा. ती लेकीची वेणी घालत होती आणि तोंडाने अखंड बडबड चालू होती. डबा, बूट, पाऊस येईल का. मी उंबऱ्यातच बसलो.

“आता सांगा,” ती म्हणाली. “काल रात्रभर तुमचा चेहरा डोळ्यांसमोर होता.”

मी सांगितलं. कोरी ओळ, खोडी, ताप, पांढरा कागद, खुर्चीचं मोजणं शेजारी बसलेल्या तिच्या आईच्या गळ्यात पडलं ते, मास्तरांची माफी. ती ऐकत राहिली. मध्ये फक्त लेकीला आत पाठवलं.

“म्हणजे आईचं ते तुमच्यामुळे, असं तुम्हाला वाटतं,” ती म्हणाली.

“वाटत नाही. आहे.”

“आणि माझंही होईल.”

“तू वाजवू नकोस.”

ती बराच वेळ कंगव्यातले केस काढत बसली. तिला राग आला होता, आणि रागाला कुठे जायचं ते कळत नव्हतं. “बाबा, मी वाजवणार,” ती शेवटी म्हणाली. “मी लहानपणभर त्या आकड्यांपुढे उभी राहिले. आता त्यांना घाबरून घरी बसू?”

आतून लेकीची हाक आली. ही लगेच “आले गं” म्हणाली. लगेच. मला ते इतकं लख्ख ऐकू आलं. या पोरीची आई हाकेला लगेच ओ देते. ते राहायला हवं होतं. मला बाकी काही नको होतं.

“मग त्या खुर्चीत मी बसतो,” मी म्हणालो.

९

डॉक्टरांना आकाश ठेंगणं झालं. मास्तरांचा खुद्द कॉपीइस्ट रंगमंचावर. त्यांनी पत्रिकेत छापून घेतलं. बाईंनी माझ्या कोटाला ब्रश केला. मुलगी मात्र माझ्याकडे बघेना. ती व्हायोलिनच्या तारा पुन्हा पुन्हा पुसत होती.

स्मरणदिनाच्या संध्याकाळी पाचला पडदा उघडला. सभागृह भरलेलं. मी खुर्चीत बसलो आणि चटकन उठावंसं वाटलं. खुर्ची गरम होती. आत्ताच कुणीतरी उठून गेल्यासारखी. मी रांगेत नजर टाकली. सगळे आपापल्या जागी होते. दिव्यांमुळे असेल. लाकूड तापतं.

तरुण मास्तराचा हात खाली आला आणि मी मोजायला लागलो. एक दोन तीन चार. दोन दोन तीन चार. सोपं काम. सदतीस वर्षं दुसऱ्यांसाठी हे खण आखले, त्यांत बसलो कधी नव्हतो. आतून संगीत वेगळंच ऐकू येतं. सगळे वाजवतात आणि तुम्ही त्यांच्या मधोमध जागा धरून ठेवता. शहाण्णवला मी पान उलटलं. शेजारी माझी मुलगी वाजवत होती, हनुवटी अगदी तिच्या आईसारखी आत ओढून.

एकशे अकरा. एकशे बारा.

सगळे थांबले. तरुण मास्तराचा हात वर राहिला आणि त्याने आमच्या टोकाकडे बघितलं. त्याची नजर माझ्यावर नव्हती. माझ्या खांद्याच्या वर, जरा मागे होती, उभ्या माणसाकडे बघावं तशी. त्याने मान झुकवली. निघणाऱ्याला आपण झुकवतो तेवढीच. माझ्या मानेवर कुणाचातरी श्वास आला, लांब आणि दमलेला. मी वळून बघितलं नाही. बघितलं असतं तर आकडा चुकला असता, आणि मुलगी हाताच्या अंतरावर होती.

माझे ओठ म्हणाले, “एकशे बारा, दोन, तीन, चार.” आणि वाद्यं सुरू झाली.

१०

टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी पुन्हा चाळिसाव्या बारात होतो. डॉक्टर मिठी मारून गेले. बाई रडल्या. मुलगी व्हायोलिन छातीशी धरून समोर आली.

“कसं झालं, बाबा?”

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. ती थांबली. माझ्या ओठांकडे बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. तिला शिकवायची गरज नव्हती. तिने मला बाकावर बसवलं, माझा हात हातात घेतला, आणि लोक निघून जाईपर्यंत, झाडूवाला येईपर्यंत, एक शब्द बोलली नाही. दोनशे बारा झालं. फट आली. ती मला वाटलं होतं त्याहून लहान असते. तेवीस वर्षं मी त्या फटीत बायकोला किल्ल्या कुठे आहेत ते विचारलं.

“आईसारखं वाजवलंस,” मी म्हणालो. मग एक दोन तीन चार.

हे मी आता लिहून ठेवतोय. तोंड गुंतलेलं असलं तरी हात मोकळा आहे, आणि मोजत मोजत लिहिणं हीच माझी सवय. खरं सांगायचं तर फार जड जात नाही. ज्याचं काम त्याच्याकडे आलं, एवढंच. बायकोला उगाच करावं लागलं याचं मात्र वाईट वाटतं, आणि ते दिवसभर वाटतं.

मुलगी रोज संध्याकाळी येते. खळखळून बोलते. शिकवणीतल्या पोरांच्या तक्रारी, नवऱ्याचं घोरणं, सगळं. मी ऐकतो तिच्या वाक्यांत कुठे फट पडते का. पडत नाही. पण मुलीवर लक्ष ठेवताना नातीचा विचार माझ्या मनात आला नव्हता. कार्यक्रमाला ती कुठे बसली होती, हे परवा सहज कळलं. पहिल्या रांगेत जागा नव्हती म्हणून बाईंनी तिला विंगेत स्टूल दिलं होतं. आमच्या टोकाला, माझ्या मागे.

काल दोघी निघाल्या. दार लोटलं गेलं आणि जिन्यावरून नातीचा आवाज आला. “एक,” मग चपलेचा आवाज. “दोन.” मी लेखणी खाली ठेवली. “तीन. चार.”

आणि ती थांबली. चप्पल वाजली नाही. आई तिला काही म्हणाली नाही. मी दाराशी गेलो, कडीवर हात ठेवला, आणि माझा आकडा चालूच होता, एकशे सहा, दोन, तीन, चार. खाली सगळं शांत होतं.

“पाच,” ती म्हणाली. मग सहा, सात, आठ, पार खालच्या दारापर्यंत.